मूळ पद्धतीप्रमाणे

९ ऑक्टोबर, सूर्यमाळ
पोचले! हवा थंडगार, गवत कमरेएवढं, राहायला कौलारू घर आणि मागे थेट जंगल. आयुष्यभर कायद्यांचे मसुदे तपासले. आता निवृत्तीनंतर एका संस्थेसाठी इथल्या शाश्वत विकास आराखड्यातलं संस्कृतीचं प्रकरण लिहायचं आहे. परंपरा मूळ रूपात जपणाऱ्या गावालाच निधी मिळेल. ही अट माझीच. सोबत माझी मांजर, डचेस. दिवाळीला नात येईल, प्राजक्ता.

१३ ऑक्टोबर
शिवेवर वाघोबाचा शेंदरी दगड आहे. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, जिवा भगत तिथे नारळ फोडतो. प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेला! खोदून विचारल्यावर कळलं, पूर्वी नारळ नव्हताच. दगडासमोर उभं राहून बोलायचं: माझ्या घरातलं एक तुझं, बाकी गाव राख. जिवाच्या आजोबांनी विनवण्या करून ते नारळावर आणलं. म्हणजे सवलत! ग्रामसभेत मी ठणकावलं, सवलतीला निधी नाही. निदान शब्द तरी मूळचे हवेत. जिवा म्हणाला, "बाय, जुनं निजलंय, निजू दे." माझ्याकडे कामाला येणारी रखमी पदराआड हसली, "मंग बायनीच बोलावं." बोलेन की! कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सच्या छडीला न घाबरलेली मी, दगडाला घाबरणार?

१७ ऑक्टोबर, वाघबारस
बोलले. स्वच्छ उच्चारात. नारळ फोडू दिला नाही. परतताना सगळे माझ्यापासून चार हात लांब चालत होते. अडाणीपणा, दुसरं काय.

१८ ऑक्टोबर
डचेस उंबऱ्यावर मेलेली. ओरखडा नाही. फक्त मान ओली, चाटून परत ठेवल्यासारखी. जिवा म्हणाला, मांजर चालत नाही, माणूस लागतं. घरातलं कुणीही. बोलणारा स्वतः गेला तरी फिटतं. त्याला हाकलून दिलं.

१९ ऑक्टोबर
नारळ घेऊन गेले. एकही फुटला नाही. दगड गरम होता, झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखा वरखाली—
रखमीने खोडाळ्याच्या बाजारातून निरोप आणला. प्राजक्ता आजच निघाली, उद्या दुपारच्या जीपने पोचेल. फोनला रेंज नाही. रखमी आज हसली नाही.

२० ऑक्टोबर
गवत घराभोवती फिरतंय. वारा नाही.

जीपचा हॉर्न. वळणावर उतरली. एकटीच.

एकच पुरे. मी आत्ता बाहेर पडले तर मीच आधी—

गवत वळलं. तिच्याकडे.

खिडकीतून ओरडले. तिला वाटलं, लाडाने बोलावतेय. हात हलवत धावत—

एक हात कडीवर आहे. दुसऱ्याने हे—

"आजी, दार उघड ना!"

कडी जड नाही. पण मी अजून—