साजरं रजिस्टर

अमरावती,
८ सप्टेंबर १९६६

प्रिय कमलाकांत,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडता चुलीत घातलंस, तर दोष देणार नाही. फोडलंस, तर मात्र शेवटपर्यंत वाच.

परवा संस्थेने माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि अध्यक्षांचं चाळीस मिनिटांचं भाषण. त्यातला नारळ तेवढा कामाचा निघाला. मी म्हणे अठ्ठावन्न साली शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मरणाच्या दारातून परत आणलं. आणलं खरं. हजेरीपट, निकालपत्रकं, जुन्या दाखल्यांच्या स्थळप्रती जुळवत तीन महिने बसलो. कागदात सापडेना ते विचारायला वलगाव-तिवसा पालथं घातलं. तिवस्याच्या गोदाबाई म्हणाल्या, "पोया झाला अन् दोन दिसांनी पोट्टं झालं. साल मले काय पुसता, मास्तर?" पोळा दरवर्षीच येतो; अशी, जन्मतारीख न सापडलेली दीडशे पोरं मी रजिस्टरात एक जूनला जन्माला घातली. ब्रह्मदेवालाही एका दिवशी एवढी जमली नसतील.

रजिस्टर दोन ठिकाणी ठेवायची कल्पना तुझी. एक प्रत माझ्याकडे इथे, दुसरी तुझ्याकडे अकोल्याच्या शाखेत. दर शनिवारी नवी नावं टपालाने तुला कळवायची, की तू ती चढवायचास. एकीला काही झालं तर दुसरीवरून उतरवून घेऊ, म्हणायचास. इथल्या प्रतीला वाळवी लागली, आणि तू शब्दाला जागून मोटारीने तुझी प्रत घेऊन आलास. माझ्या टेबलावर ठेवून चहाला गेलास. परतलास तेव्हा आवारात तिची राख होती. पुंजाराम चपराशाने गोंधळ केला, मी म्हणालो. चौकशीच्या कागदावर माझ्या शब्दाखातर तू सही केलीस, आणि चपराशी घरी गेला. त्यानंतर तुझं एक कार्डही आलं नाही. तुला शंका आली असावी. बरोबर आली.

वाळवी आतून खाते. आमच्या प्रतीचा पुठ्ठा नवाकोरा होता, तुझी हाताळून फाटलेली. दोन्ही शेजारीशेजारी पडल्या होत्या. मी न उघडता फाटकी हीच वाळवीची समजून उचलून पुंजारामला दिली, आणि जाळ म्हणालो. त्याने मात्र उघडली. "मास्तर, हे त साजरं हाय जी. जाळाचं काहून?" त्याला अक्षर कळत नव्हतं, पण धड पान कुठलं आणि वाळवीचं कुठलं ते कळत होतं. मी खोलीभर ऐकू जाईल असं विचारलं, "वाचता येते का तुले, पंडितजी?" सगळे मास्तर हसले. तोही हसला, आणि काडेपेटी मागून घेऊन गेला. चौकशीत हसणाऱ्यांपैकी एकालाही काही आठवलं नाही.

आता पुंजारामने कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन दिला आहे. नोकरी नको म्हणतो, वय गेलं. 'निष्काळजी' हा शेरा तेवढा पुसा. मुख्याध्यापक म्हणून अभिप्राय माझाच मागवलाय. सोमवारी सकाळी अकरा वाजता बैठक आहे. तो अभिप्राय मी चारदा लिहिला. चारही वेळा इतका खुसखुशीत उतरला, की समिती पोट धरून हसेल आणि अर्ज फेटाळून घरी जाईल. ही जीभ मला आजवर अशीच वाचवत आली. म्हणून तू ये. त्या कागदावर तुझीही सही आहे. माझ्यासमोर बस, आणि मी पहिला विनोद केला की उभा राहून पुंजारामचं नाव घे.

तुला अजून चालत असेल, तर
तुझाच,
हरिहर