उजव्या बाहीबद्दल

आदरणीय ताईंना साष्टांग नमस्कार (वाकताना कंबरेत उसण भरली म्हणून तो अर्ध्यावरच थांबला आहे, तरी पूर्ण घडला असं समजून घ्यावं). आपली प्रकृती उत्तम असेल, गुडघे कुरकुरत नसतील आणि भाऊसाहेब वेळच्या वेळी गोळ्या घेत असतील अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून तसं लिहितो. खरं म्हणजे गेले पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागला आहे आणि त्याला थोड्याफार प्रमाणात आपण कारण आहात. रागावू नये. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमचं घर दोन खोल्यांचं आणि तुमच्या धाकट्या बहिणीचे कान तिखट. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून लिहितो आहे. ती बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसली आहे.

पुढच्या गुरुवारी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. डावा गेल्या वर्षी केला आणि तो हवा तसा उजळला नाही, हेही ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. हेच वाक्य ते डाव्या डोळ्याच्या वेळीही म्हणाले होते, एका अक्षराचाही फरक नाही. (एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दोन मजकूर शेजारी ठेवून ताडून बघायची खोड काही जात नाही.) ही मात्र शांत आहे. दोघांच्या वाटणीची काळजी एकट्याने करायची वेळ माझ्यावर आली आहे.

आता मूळ विषय. गेल्या महिन्यात मी सहज छापखान्यात डोकावलो (निवृत्त माणूस सहज डोकावतो तो आठवड्यातून तीनदा) तेव्हा व्यवस्थापकांनी एक ताजं पुस्तक माझ्या हातात कोंबलं. विणकामाचं, शेहेचाळीस नमुन्यांचं, फोटोंसकट. घरी मी ते हिच्यासाठी आणलं असं सांगितलं. तुमच्यापासून काय लपवायचं, माझ्या जागी जे गृहस्थ आले आहेत त्यांनी ते तपासलेलं होतं आणि मला त्यांच्या चुका मोजायच्या होत्या. पण हिने पुस्तक हातात घेतलं, पानांवरून तळवा फिरवला आणि मला वाचून दाखवा म्हणाली. तिला हल्ली छापील ओळी म्हणजे नुसत्या करड्या पट्ट्या दिसतात. मग म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी एक स्वेटर करून टाकते. ताईला."

मी घाईने पुस्तक मिटलं. का ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे जेवण झाल्यावर हिने भाऊसाहेबांसाठी विणलेला मफलर आपण खिडकीशी धरलात, सुटलेल्या टाक्यातून बोट घातलंत आणि इथून मांजर ये-जा करेल असं म्हणालात. सगळे हसले. मीही हसलो, ताई, आणि इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ हसलो. घरी आल्यावर हिने सुया एका जुन्या मोज्यात गुंडाळून कपाटावर टाकल्या त्या टाकल्याच. तो टाका का सुटला ते तेव्हा आपल्याला कळलं नाही, मला कळलं नाही आणि हिलाही कळलं नाही. डोळे तेव्हापासूनच जायला लागले होते. तो मोजा आता कपाटावरून खाली आला आहे, तर त्यातून निघणारी वस्तू आपल्या खिडकीशी पुन्हा धरली जाऊ नये एवढीच माझी धडपड आहे. या खेपेस सुया वर गेल्या तर त्या पुन्हा खाली यायच्या नाहीत.

नमुना ठरवायला तीन दुपारी गेल्या. आमच्या धंद्यात मुद्रित ताडताना एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची असते, विरामचिन्हांसकट. माझ्या जिभेला तेच वळण पडलं आहे, त्यामुळे मी "दोन सुलट, स्वल्पविराम, दोन उलट, पूर्णविराम" असं वाचत गेलो, तेव्हा ही म्हणाली, "स्वल्पविरामाला कुठला टाका घालू?" त्यानंतर मी खूप प्रयत्न केला, पण स्वल्पविराम गिळला की मला ठसका लागतो. प्रस्तावना, प्रकाशकाचा पत्ता, आभार, सगळं वाचून मी पहिल्या नमुन्यापर्यंत आलो तोवर चहाची वेळ झाली. जाळीचा नमुना मी स्वतःच्या जबाबदारीवर नापास केला (त्यात भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, आपण पुन्हा मांजराचं नाव काढाल). दाण्याच्या विणीत चूक लपते असं पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून मी तिचा फार आग्रह धरला. हिने ऐकलं नाही. शेवटी तिने एकतिसावा नमुना धरून ठेवला, पुढून बटणांचा, पाठीवर दोन वेण्या. ते पान "पुरुषांसाठी" या विभागात होतं. मी तसं म्हणालो तर म्हणाली, ताईचे खांदे रुंद आहेत. (क्षमा असावी, शब्द तिचे आहेत. मी ते शीर्षक चुकून त्या पानावर पडलं असावं असं धरून चाललो.) मापासाठी मला उभं केलं, कारण म्हणे पाठीला तुम्ही आणि मी सारखेच. दोरी लावून, गाठी मारून तिने माझे हात, छाती, मान सगळं मोजलं, तेही दोनदा. आपल्याला गळ्याशी घट्ट आवडत नाही हे तिला कसं आठवलं याचं मला कौतुक वाटलं. मलाही आवडत नाही.

मग लोकर. इथे मला आपल्याजवळ एक गोष्ट कबूल करायची आहे, जी अडतीस वर्षांत मी कुणाला सांगितलेली नाही. मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. दोन्ही मातीसारखे दिसतात. लग्नाआधी हिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिच्या अंगावर आपण विणलेली शाल होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या हिरव्या रंगाची तोंड भरून स्तुती केली. शाल लाल होती. ही हसली. तिला ती थट्टा वाटली असं मी समजलो, मीही थट्टाच होती असा चेहरा केला आणि तेव्हापासून तो चेहरा सांभाळतो आहे. मुद्रितशोधकाचं काम काळ्यापांढऱ्यात चालतं, त्यामुळे पोट भरायला अडचण आली नाही. रंगाचा प्रश्न आला की मी "शोभेल" एवढंच म्हणतो.

तर अशी आमची जोडी लोकरीच्या दुकानात शिरली. हिला दिसत नाही आणि मला कळत नाही. दुकान अरुंद, छतापर्यंत खण आणि खणाखणात गुंडे. दुकानवाल्या बाई शिडीवर. चार पदरी हवी, अंगाला न टोचणारी हवी, आणि सगळे गुंडे एकाच वेळी रंगवलेले हवेत, नाहीतर अर्धा स्वेटर एका छटेचा आणि अर्धा दुसरीचा, हे मी पुस्तकातून पाठ करून गेलो होतो. प्रत्येक गुंड्याच्या वेष्टनावरचा आकडा मी चष्मा कपाळावर चढवून ताडला आणि दहापैकी एक वेगळा निघाला तो परत करायला लावला. बाई म्हणाल्या, असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. मी ती स्तुती समजलो. पण रंग निवडताना हिने मला विचारलं, "हा कसा वाटतो?" मी म्हणालो, तुला शोभेल. ती म्हणाली, स्वेटर ताईला आहे. मी म्हणालो, मग ताईंना शोभेल. नंतर ती आणि दुकानवाल्या बाई दाराशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या, बाई माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी बटणांच्या डब्यात तोंड घातलं. तेव्हापासून तो मातकट गोळा आमच्या घरात वाढतो आहे आणि तो नक्की कुठल्या रंगाचा आहे हे विचारायची माझी छाती होत नाही.

आता बाही. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, डावी बाही झाली. मी वाचायचं, तिने विणायचं, फार सुखाचे दिवस होते ते, खोटं कशाला सांगू. उजव्या बाहीसाठी तोच मजकूर पुन्हा वाचायचा होता आणि माझ्या हातात पेन्सिल होती. हातात पेन्सिल असली की मी माणसात राहत नाही. मला दिसलं की सोळा ओळी एकदा छापून झाल्यावर त्याच सोळा ओळी, शब्दाला शब्द, लगेच पुन्हा छापल्या आहेत. माझ्या जागेवरचा माणूस अखेर चुकीत सापडला. मी त्या ओळींवर काट मारली, समासात खूण केली आणि त्या गाळून पुढे वाचलं. अकरा वर्षं तरुण झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक काखोटीला मारून छापखान्यात गेलो. त्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, माझी खूण नीट पाहिली आणि खाली मान घालून म्हणाले, "साहेब, माझी आई विणते. विणकामात त्याच ओळी पुन्हा येतात." चहा मी उभ्यानेच प्यायलो. धावत घरी आलो तर बाह्या जोडून झाल्या होत्या. ही झोपली तेवढ्यात पट्टी लावून पाहिलं. उजवी बाही तीन बोटं आखूड आहे.

ताई, मी तिला अजून सांगितलेलं नाही. उसवून पुन्हा विणायला दिवस उरले नाहीत, आणि चूक माझी असली तरी सुया तिच्या आहेत. गुरुवारी काय होईल मला माहीत नाही. डाव्यासारखं झालं तर हा तिच्या हातचा शेवटचा स्वेटर असेल आणि तो मी बिघडवला असेल. मला भीती वाटते. एवढं साधं वाक्य लिहायला मला पाच पानं लागली, त्यात काटछाट करायची तर खुशाल करा.

भाऊसाहेबांना नमस्कार. शाईचे डाग पडले असतील ते सोडून वाचावं. माझ्या उजव्या मनगटाखाली नेहमी असंच होतं.

आपला आज्ञाधारक,
ज्याला आपण लग्नापासून "काना-मात्रा" म्हणत आलात तो

ता. क. विनंती अशी की स्वेटर पोचल्यावर आपण बाह्या कोपरापर्यंत सारून घालाव्यात, खिडकीपासून लांब बसावं आणि छान झाला असं हिला फोनवर कळवावं. खोटं बोलणं आपल्याला जमत नाही हे मी जाणतो. एकदाच जमवावं.

ता. क. आणखी एक. रंग कुठला आहे ते मला वेगळ्या चिठ्ठीत कळवावं. छापखान्याच्या पत्त्यावर.

ताई, आता मी लिहितेय. ते पाकिटाला डिंक आणायला गेलेत. अक्षर मोठं आहे आणि ओळी घसरल्या असतील, चालवून घे. लिहिताना ते सगळं पुटपुटतात, स्वल्पविरामांसकट, त्यामुळे पत्र मी रेडिओपेक्षा स्पष्ट ऐकलं.

स्वेटर तुला नाही. तू चुका काढशील. डोळा बरा झाला तर तुला दुसरा करीन, तेव्हा काय काढायच्या त्या काढ. हा त्यांना आहे. त्यांच्यासाठी म्हटलं असतं तर लोकर परत करून आले असते.

ओळी गाळल्या ते मला तिथल्या तिथे कळलं. माझी बोटं मोजतात. पण वाचताना आवाज इतका खुशीत होता की थांबवलं नाही. आणि नंतर वाटलं, बरंच झालं. त्यांची उजवी बाही कायम शाईत बुडते. तीन बोटं आखूडच हवी होती.

गुरुवारी तू ये. माझ्याजवळ डॉक्टर असतील, त्यांच्याजवळ कुणी नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मवरच्या चुका काढत बसतील आणि सही करायची राहून जाईल. तेवढी करून घे. स्वेटर पिशवीत असेल. डोळ्याची पट्टी सोडायच्या वेळी त्यांना तो घालायला लाव आणि माझ्या समोर उभं कर, खिडकीशी.

रंग लाल आहे, तुझ्या त्या शालीचा. त्यांना सांगू नकोस.