टर्बोचं एक मिनिट

१ मार्च, रविवार
बाबांची फोर-बाय-फोर आजपासून माझ्या ताब्यात. बावीस वर्षांची आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आई तिला सवत म्हणते. नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल, म्हणून ऑफिसला मी नेणार. कारण केवळ तांत्रिक.

हॉस्पिटलमधली नोंद. स्ट्रोकनंतर बाबांना दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, ते परत येणार नाही, गाडी चालवणं कायमचं बंद. हे त्यांनी केबिनमध्ये आई, दादा आणि मला सांगितलं. बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना कुणी सांगायचं यावर चर्चा झाली. दादा म्हणाला, मला जमणार नाही, मी रडेन. आई म्हणाली, माझ्याकडे बघूही नका. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. घरात थंड डोक्याची मीच. निवड योग्य आहे. या आठवड्यात सांगून टाकणे.

४ मार्च, बुधवार. सायं. ६.२०
दारात पोचले. इंजिन चालू ठेवलं आहे. टर्बो गरम असताना गाडी एकदम बंद करू नये, एक मिनिट चालू ठेवावी, ही बाबांचीच शिकवण. तेवढ्यात रोजनिशी लिहून होते आणि एसीत विचारही नीट होतो. वाक्य: ‘बाबा, डॉक्टरांचं म्हणणं असं की’. ‘असं की’ काढावं. ‘म्हणणं’ राहू द्यावं, त्यात थोडी जागा राहते.

६.४०
वाक्य तयार. पण आता जेवणाची वेळ. जेवताना असले विषय काढू नयेत.

८ मार्च, रविवार
टाकी फुल करून हिशेब केला. ॲव्हरेज आठ पॉइंट एक. बाबांच्या हातात ती साडेनऊ द्यायची, हे सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. म्हणजे कुठेतरी फॉल्ट आहे. आश्चर्य म्हणजे हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

बाबांनी विचारलं, गाडी मला कधी देतेस? मी म्हणाले, ॲव्हरेज पडलंय, फॉल्ट निघेपर्यंत थांबा. त्यांना पटलं. मलाही पटलं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा आमच्या लॅबचा नियम आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वजनकाट्यांतली चूक शोधते, त्याचाच पगार घेते. हा प्रश्न आठवड्याभराचा. आधी फॉल्ट, मग बोलणं.

११ मार्च, बुधवार
टायरमध्ये हवा कमी होती. भरली. पुढची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली, ब्रेक अडकत नाही. निकाल उत्तम.

जेवताना बाबा अर्ध्या ताटावर थांबले. आईने न बोलता ताट फिरवलं. ‘अरे, हे कधी वाढलंस?’ म्हणून त्यांनी उरलेलंही संपवलं. आई हसली आणि पाणी आणायला गेली. पाणी टेबलावरच होतं.

१४ मार्च, शनिवार
गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाल्या काकांनी विचारलं, ताई, क्लचवर पाय ठेवून चालवता का? नाही म्हणाले. उभी करून चालू ठेवता का? म्हणाले, टर्बोपुरती. त्यांनी मान डोलावली, एअर फिल्टर बदलला आणि आता मोटारसायकलचं ॲव्हरेज मिळेल असं जाहीर केलं.

१५ मार्च, रविवार
मोटारसायकलचं नाही. सात पॉइंट सहा.

दुपारी झोप काढून उठले, गाडी धुवायला गेले तर ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली. उजव्या आरशावर बोटांचे ठसे. गॅरेजवाल्यांचा हात फार लागतो सगळीकडे. पुसून टाकलं. काकांना बोलायचं.

१९ मार्च, गुरुवार. सायं. ६.१५
दारात. इंजिन चालू. आजचा संशय: थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला तर इंजिन गरमच होत नाही आणि डिझेल जास्त जळतं. तापमानाचा काटा बघत बसले आहे. असं निरीक्षण घाईने करता येत नाही.

६.४५
काटा बरोबर मध्ये. थर्मोस्टॅट निर्दोष. एक शक्यता कमी झाली, ही प्रगतीच. वाक्यात ‘चालवणं’ऐवजी ‘ड्रायव्हिंग’ घातलं. इंग्रजीत कमी टोचतं. आज मात्र मला ऑफिसात दगदग झाली आहे. उद्या.

२२ मार्च, रविवार
सात पॉइंट एक. मी सुधारणा करते आहे आणि आकडा उतरतो आहे. गाडी दुरुस्तीला प्रतिसादच देत नाही.

टपावरचा कॅरिअर वाऱ्याला अडतो. सकाळी स्पॅनर घेऊन तो उतरवला. आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, सवतीचे दागिने उतरवतेस होय? बाबा पायरीवर बसून कुठला बोल्ट आधी सोडायचा ते सांगत होते. मी चुकीचा सोडला. ते ओरडले. खूप दिवसांनी ओरडले.

२५ मार्च, बुधवार
दादाचा फोन. सांगितलंस का? मी म्हणाले, मूळ कारण अजून सापडायचंय. तो म्हणाला, मी गाडीचं विचारत नाही. मी त्याला थर्मोस्टॅट समजावून सांगितला. फोन मध्येच बंद झाला. रेंज गेली असावी.

२९ मार्च, रविवार
सहा पॉइंट सात. डिझेलची चोरी? टाकीला कुलूपवालं झाकण बसवलं. किल्ली मी गळ्यात घालते. आई म्हणते, जाडजूड काही घालायची हौस होतीच तर आधी सांगायचंस.

रात्री बाबांनी मला इंधनाची सगळी लाइन काढून दाखवली. टाकी, फिल्टर, पंप, इंजेक्टर. रेषा अजून सरळ येते त्यांची. सगळं चित्र कागदाच्या डाव्या अर्ध्यात कोंबलेलं. पंप छोटासा झाला. उजवा अर्धा कोरा. कागद मी फाइलला लावला. संदर्भासाठी.

३१ मार्च, मंगळवार. सायं. ६.१०
दारात. इंजिन चालू, एसी दोनवर. वाक्य चार शब्दांवर आणलं आहे: ‘बाबा, आता गाडी नाही.’ मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज नीट आला नाही. पुन्हा.

६.५५
अजून नाही. बाबांची खोली दारालगतच आहे. खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला. वारा.

५ एप्रिल, रविवार
इंजेक्टर तपासून आले, चारही उत्तम. ॲव्हरेज सहा पॉइंट तीन. गॅरेजवाले काका म्हणाले, ताई, आता इंजिन खाली उतरवायचं तेवढं राहिलं. थट्टा होती, पण मुद्दा बरोबर आहे. पुढच्या शनिवारी इंजिन उतरवणे. निदान महिना जाईल. महिनाभर बाबांना काही सांगायची गरज नाही, कारण गाडीच नसेल.

शिवाय गेले तीन आठवडे त्यांनी गाडी मागितलेली नाही. फक्त ॲव्हरेज विचारतात. विसरले असावेत. हे सुधारणेचं लक्षण आहे.

७ एप्रिल, मंगळवार. सायं. ६.१५
दारात. इंजिन चालू. इंजिन उतरवण्यासाठी लागणारी साधनं: साखळी, हुक

रात्री ९.००
वरची नोंद अर्धी राहिली. काचेवर टकटक झाली. बाबा. पायात स्लिपर, डावा हात कंपाउंडच्या भिंतीवर. एकटे चालत आले होते. मी काच खाली केली.

‘टर्बोला मी एक मिनिट सांगितलं होतं,’ ते म्हणाले. ‘तू पाऊण तास काय करतेस?’

मी म्हणाले, निरीक्षण.

‘रोज ऐकतो मी. येतेस, आणि मग हिचं आपलं घरघर, घरघर. उभ्या गाडीला कुठलं आलंय ॲव्हरेज?’

उत्तर साधं भागाकाराचं होतं. मला ते येतं. मी म्हणाले, ‘बाबा, डॉक्टरांचं म्हणणं…’ आणि पुढचं येईना. महिनाभर घासूनपुसून ठेवलेलं वाक्य.

‘मला माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘त्या रविवारी तू झोपली होतीस तेव्हा येऊन बसलो होतो. उजवा आरसाच सापडेना. हाताने चाचपला, तेव्हा कळलं, आहे.’

मी विचारलं, मग रोज ॲव्हरेज का विचारत होता?

‘तू दुसरं काही बोलतच नव्हतीस. आई म्हणाली, तिला सोसेल तेव्हा सांगू.’

मग म्हणाले, बंद कर आता, डिझेल जळतंय. मी बंद केलं. पुढे काय झालं ते तांत्रिक नाही, लिहीत नाही. दादाला फोन करून सांगितलं की बाबांना सांगून झालं. तो म्हणाला, हो, त्यांना कळलंय असं आई बोलली. कधी? दहा-बारा दिवस झाले.

म्हणजे घरात चौघांपैकी तिघं मला सांभाळत होते.

१९ एप्रिल, रविवार
पूर्ण टाकीचा हिशेब. आठ पॉइंट नऊ. इंजिन उतरवणे रद्द. गळ्यातली किल्ली काढली.

साडेनऊला अजून पॉइंट सहा कमी पडतात, त्याची कारणं बाबांसमोर मांडली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, साडेनऊ ती कधीच देत नव्हती. आठ, फार तर साडेआठ. साडेनऊ आपलं लोकांना सांगायला.

सहा आठवडे मी खोट्या मापाशी ताडून बघत होते. लॅबमध्ये कुणाला कळता कामा नये.

२१ एप्रिल, मंगळवार. सायं. ६.३०
दारात. टर्बोला एक मिनिट दिलं, घड्याळ लावून. इंजिन बंद. एसी बंद, काचा खाली. शेजारच्या सीटवर बाबा. मी पोचले की हल्ली येऊन बसतात. आज विचारलं, विकायची का हिला? मी म्हणाले, अजून एक टाकी बघू. ते बरं म्हणाले. दोघंही उतरलेलो नाही.

ॲव्हरेजवर परिणाम नाही.