सावर पाण्यात बुडत नाही

अब्बा, तुम्ही आयुष्यात समुद्र पाहिला नाहीत. पन्नाशीला टेकेपर्यंत मीही पाहिला नव्हता. मुंबईला दोनदा जाणं झालं, पण दोन्ही वेळा अम्मीच्या दवाखान्यासाठी, आणि तिथल्या खिडकीतून दिसलं ते फक्त समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं. त्यामुळे या एप्रिलमध्ये आमच्या जळगावच्या चटई कारखान्याने मला नवे माग बघायला चीनला पाठवायचं ठरवलं, तेव्हा शेजारणी विचारत होत्या, ‘एवढ्या लांब एकटी?’ आणि मी मनात म्हणत होते, चीन राहू दे बाजूला, निदान समुद्र तरी दिसेल. ते शहर त्यांच्या देशाच्या अगदी दक्षिणेला, समुद्राला खेटून आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण आठ दिवस राहूनही मला ते धड म्हणता आलं नाही. मी म्हटलं की तिथली माणसं हसायची आणि पुन्हा म्हणायला लावायची.

इकडून निघाले तेव्हा पाचोऱ्यापासून जळगावपर्यंत बांधावर हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं. आणि तिथे उतरले तर हवेतच पाणी. भिंतींना घाम फुटलेला, आरसा पुसला की पुन्हा धुरकट, दोरीवरचा दुपट्टा दोन दिवस वाळेना. तिथले लोक म्हणाले, आमचा वसंत असाच असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वड, त्यांच्या पारंब्या बसच्या टपाला लागतील इतक्या खाली आलेल्या, आणि खालून जाणारी बस विजेवरची, तिचा आवाजच नाही. पेट्रोल पंपाच्या मागे केळीचा खुंट दिसला तेव्हा मात्र मी ओरडायचीच बाकी होते. गावाकडचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. हॉटेलात गेल्यावर पहिलं काय केलं असेल, ओळखा. चादर वर करून गादी दाबून पाहिली. फोम होता. तुम्ही नाक मुरडलं असतंत, मीही मुरडलं.

पाच दिवस मागांमध्ये गेले. माझ्या हाताखाली विणाई खात्यात चाळीस माणसं काम करतात, माग मला नवे नाहीत, पण तिथलं एकेक यंत्र बघून माझं तोंड उघडंच राहायचं. एक धागा तुटला तर यंत्र आपणहून थांबतं आणि कुठला तुटला ते दाखवतं. रविवारी सुट्टी होती. कारखान्याने माझ्यासोबत एक दुभाषी मुलगी दिली होती, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही लंगडी, म्हणून आमचं छान जमलं. तिने विचारलं, कुठे जायचं? मी म्हटलं, समुद्र.

अब्बा, मला वाटलं होतं निळा असेल. तो मातकट हिरवा होता, गिरणेला पूर आल्यावर दिसते तसा, फक्त पलीकडचा काठ काढून टाकलेला. एक पूल जमिनीवरून निघून सरळ पाण्यात शिरत होता आणि पुढे धुक्यात दिसेनासा होत होता, त्याचं दुसरं टोक कुठे आहे ते डोळ्यांना कळत नव्हतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. किती वेळ, ते ठाऊक नाही. माणसाने एवढं मोठं काही पाहिल्याशिवाय मरू नये असं वाटलं, आणि लगेच तुमची आठवण झाली. तेवढ्यात माझ्या केसांत काहीतरी पांढरं येऊन बसलं. मुलगी म्हणाली, आमच्याकडे या दिवसांत झाडाचा कापूस उडतो, लोकांना शिंका येतात. मी तो चिमटीत धरला आणि डोळ्यांआधी बोटांना कळलं. मान वर केली. काठाने रांगेत उभी होती ती काटेसावर. पहूरच्या डोंगरातली, आपली. एवढी उंच मी कधी पाहिली नव्हती. बोंडं फुटलेली, आणि वाऱ्याबरोबर कापूस समुद्रावर जात होता.

आणि मग मी तिथे नव्हतेच, आपल्या दुकानात होते. पाचोऱ्याच्या बाजारातली ती लांबट खोली, दारावर ‘गादी कारखाना’ अशी तुमच्या हाताने रंगवलेली पाटी. साधा कापूस असला की छताला टांगलेलं धनुष्यासारखं पिंजण वाजतंय, त्याच्या ताणलेल्या तातीचा आवाज गल्लीभर. पण डोंगरातल्या बाया सावरीची पोती घेऊन आल्या की पिंजण बंद. सावर पिंजायची नसते. तुम्ही दार लावून घेता, पंखा बंद करता, नाकाला फडकं बांधता आणि बारीक काठीने ती नुसती हलवता, म्हणजे सरकी खाली बसते आणि कापूस वर येतो. मी कोपऱ्यात बसून बोंडं सोलते, अंगठ्याने, सरकी एका बाजूला. घरात आपण हिंदी बोलतो, गिऱ्हाइकाशी तुम्ही अहिराणी बोलता, आणि मराठी माझी, शाळेतली. तुम्हीच मला त्या शाळेत घातलेलं, आणि मी मराठीतून धडाधड वाचते याचा तुम्हाला कोण अभिमान.

आठवीत होते मी. आमचे विज्ञानाचे सर मानेसाठी मऊ उशी करून घ्यायला आले. तुम्ही त्यांच्या हातावर मूठभर सावर ठेवलीत आणि नेहमीची गोष्ट सुरू केलीत, जी तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचात. ‘सर, ही सावर पानीमा बुडत नही. जहाजवरना लोके इन्हं जाकिट आंगमा घालतस. दर्यामा पडनात तरी वर ऱ्हातस.’ तुमचे उस्ताद तरुणपणी मुंबईच्या गोदीत तसली जाकिटं भरायचे, हेही पुढे होतंच. सर माझ्याकडे बघून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मराठीत, सरांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘अब्बा, थापा नका मारू. कापूस पाणी शोषून घेतो. धड्यात आहे आम्हाला.’

सर म्हणाले, ‘घ्या चाचा, पोरगी हुशार निघाली.’ तुम्हीही हसलात. सुई चालूच होती. सर गेल्यावर हात धुता धुता तुम्ही म्हणालात, ‘नमाज पढके आता. फिर चल बेटी, नदी पे चलते. तेरेकू दिखाता.’

‘मेरेकू अभ्यास है,’ मी म्हणाले.

‘अच्छा,’ म्हणालात, टोपी घातलीत आणि असरच्या नमाजाला निघून गेलात.

त्यानंतर ती गोष्ट तुम्ही कुणालाही सांगितली नाही. मी वाट बघायचे. गिऱ्हाईक विचारायचं, या कापसात एवढं काय आहे? तुम्ही म्हणायचात, ‘नरम शे.’ एवढंच. गोष्टीतून उस्ताद गेले, गोदी गेली, दर्या गेला. दहावीनंतर धुळ्याला तंत्रनिकेतनात माझा नंबर लागला तेव्हा सगळे नातेवाईक म्हणत होते पोरीला परगावी कशाला, आणि तुम्ही तीन दिवस दार लावून एक उशी भरत बसलात. एसटीत ती मांडीवर घेऊन आलात. वसतिगृहाच्या फाटकाशी माझ्या हातात दिलीत. मला वाटलं, आता तरी म्हणाल, की ही बुडत नाही. तुम्ही म्हणालात, ‘मान अकडेगी नही,’ आणि परतीच्या गाडीसाठी वळलात. ती उशी अजून माझ्याकडे आहे. चपटी झाली आहे, पण मी तिला दुसऱ्या कुणाच्या हाताने भरून घेतलेली नाही.

तिथे समुद्राकाठी एका झाडाखाली एक म्हातारी बसली होती. शेजारी आकडी लावलेला लांब बांबू, मांडीवर जाळीची पिशवी. बोंडं सोलत होती, अंगठ्याने, सरकी एका बाजूला. मला राहवलं नाही. मी खाली बसले, एक बोंड उचललं आणि सोललं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं, आणि सरकून मला जागा दिली. मग हाताचा तळवा गालाखाली धरून डोळे मिटले. उशी. मी मान हलवली. एवढ्या दूर, ज्या बाईचा एक शब्द मला कळत नाही, तिच्या शेजारी मी तासभर आपलं काम करत बसले. दुभाषी मुलगी आमचे फोटो काढत होती आणि शिंकत होती. मध्येच म्हातारी काहीतरी लांबलचक बोलली. मुलगी म्हणाली, ‘आजी सांगतेय, तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता. तेव्हा याच कापसाची जाकिटं असायची. एकदा तो वादळात पडला. सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यात होता. बुडाला नाही.’

माझे हात थांबले. म्हातारीला वाटलं असावं की माझा विश्वास बसला नाही. ती उठली, पायऱ्या उतरून पाण्याशी गेली आणि मूठभर कापूस पाण्यावर सोडला. लाट वरून गेली. कापूस खाली गेला आणि पुन्हा वर आला, पाणी झटकून, पांढराच्या पांढरा. दुसरी लाट. पुन्हा वर. तो हळूहळू पुलाच्या दिशेने निघाला आणि मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. अब्बा, मी रडले. म्हातारीने माझ्या पाठीवर थोपटलं. मुलगी घाबरून म्हणाली, ‘तुम्हाला हे माहीत नव्हतं का?’

मी म्हणाले, ‘वडील सांगायचे. पण पाहिलं आज पहिल्यांदा.’

तिथेही खोटंच बोलले. हे कुणाला सांगायचं म्हणून लिहायला बसले, आणि आता हा कागद तुम्ही भरलेल्या उशीच्या अभ्र्यात ठेवणार आहे, तुम्ही नसताना दुसरीकडे कुठे ठेवू? त्या दिवशी तुम्ही असरच्या नमाजाला गेलात तेव्हा मी अभ्यासाला बसले नाही. पोत्यातून एक मूठ सावर काढली आणि मागच्या मोरीतल्या बादलीत टाकली. ती तरंगली. मी हाताने बुडाशी दाबून धरली, शंभर अंक मोजले, सोडली, ती वर आली. मग तुमच्या चपलांचा आवाज आला, तशी मी ती उचलून झटकली आणि पोत्यात परत टाकली. ती भिजलीच नव्हती, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही.