गोड्या पाण्यावरची रोपं

प्रिय ताई,

“तुझा जीव फार लवकर कळवळतो गं, तू रोपं लाडानंच मारशील.” रोपवाटिका माझ्या हाती सोपवताना तू हे म्हणालीस, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते.

तू शिकवलंस तसंच करत आले. खारझुडपाच्या रोपांना दर आठवड्याला झारीत एक मग समुद्राचं पाणी जास्त. पानांच्या पाठीवर मिठाचे पांढरे कण दिसले की रोप भरती अडवणाऱ्या बांधावर जायला तयार. पण यंदाच्या उन्हात त्यांनी माना टाकल्या आणि मला बघवेना. शेवटचा महिनाभर गोडं पाणीच घातलं. काय तरारली होती, ताई! तुला फोटो पाठवणार होते. पानं उलटून बघायची राहून गेली, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगू? बघितली होती. कोरी होती. तरी लावायला पाठवली.

दोन हजार रोपं चार भरत्यांत काळी पडली. मुकादम म्हणाले, “बाई, झुडपं कसली, पाहुणेच ते. चहा घेतला नि निघाले.” सगळे हसले. मीही हसले, आणि मग शेडमध्ये जाऊन तोंडावर हात दाबून बसले. बांधाची माती रोज थोडी थोडी सुटते आहे. मागे नऊ घरं आहेत. तिथल्या बायका विचारतात, “जगली का हो झाडं?” मी म्हणते, “धरताहेत मूळ.”

वर्षातली सर्वांत मोठी भरती तीन महिन्यांवर आली आहे. बियांपासून नवी रोपं करायला वर्ष लागेल. जन्मभर खारं पाणी प्यालेल्या जून फांद्या थेट बांधावर रोवल्या, तरच तोवर काही उभं राहील. तशा फांद्या आता एकाच ठिकाणी उरल्या आहेत, तुझ्या परसाच्या कुंपणाला.

त्या कुंपणामुळेच पाणी तुझ्या घरात शिरत नाही, हे मला ठाऊक आहे. भावजींची खाट त्याच बाजूच्या खोलीत आहे आणि त्यांना एकटीनं उचलणं तुला जमत नाही, हेही. तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तरी विचारते, ताई, ते कुंपण गुडघ्याइतकं छाटून मला फांद्या नेऊ देशील?

तुझीच,
धाकटी