बाकावरची रेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा ड्रायव्हिंग स्कूल, शिक्षण सरकारी हायस्कूल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझ्यावर दबाव टाकायची या घरात कुणाची छाती नाही. शुद्धीचा दाखला द्यायला माझा शाळासोबती दंतवैद्य तयार होता, पण वकील म्हणाला, दातांच्या डॉक्टरचा नको. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा सोबत जोडला आहे.

वकीलही आमच्याच वर्गातला, मॉनिटर. गडबड करणाऱ्यांची नावं तेव्हा फळ्यावर लिहायचा, आता स्टँप पेपरवर लिहितो.

कलम एक. राहतं घर माझ्या एकुलत्या एका मुलाला. माझे यजमान हयात नाहीत. त्यांनी माझ्याकडून गाडी शिकायचं शेवटपर्यंत टाळलं, आणि आमचा संसार सुखाचा झाला त्याचं ते एक मुख्य कारण.

कलम दोन. ड्रायव्हिंग स्कूल आणि दोन्ही गाड्याही मुलालाच. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो, तो त्याने जरा जपून वापरावा. समोर काही यायच्या आधीच हा दाबतो, मग शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला काही येतच नाही. पोटच्या पोरीच्या बाबतीतही त्याचं हेच चालतं. ते पुढे येईलच.

कलम तीन. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. भांडू नये. भांडण्याएवढी ती नाही.

कलम चार. भूगोलाच्या बाई भर वर्गात म्हणाल्या होत्या, "हिला दिशा म्हणून कळत नाही." पुढे त्यांच्याच मुलीला मी गाडी शिकवली. तिला अजून डावं-उजवं कळत नाही. हिशेब चुकता झाला, या सदरात देण्यासारखं काही उरलेलं नाही.

कलम पाच, बाक. हायस्कूलने जुनं फर्निचर काढलं तेव्हा आमचा बाक मी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतला. तो आता स्कूलच्या बाहेरच्या खोलीत आहे. नंबर लागेपर्यंत शिकाऊ मंडळी त्यावर बसतात.

दंतवैद्य टेकडीवरच्या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत नववीत आपटला आणि आमच्या हायस्कूलात आला. आम्ही त्याला 'बदली' म्हणायचो, अजूनही म्हणतो. आमच्याकडे उंचीप्रमाणे बसवायचे, आणि माझी नि त्याची उंची सारखी निघाली. त्याचे वडील इस्पितळातले मोठे डॉक्टर, माझी आई त्याच इस्पितळाच्या चादरी धुवायची. पहिल्याच दिवशी त्याने कर्कटकाने बाकावर रेघ मारली. "ही तुझी बाजू, ही माझी." आठवडाभरात स्वारी बीजगणिताच्या कंसांपुढे मुसमुसायला लागली. मी म्हटलं, "रडतोस काय? आतला कंस आधी सोडव."

मोठ्या माणसाला भ्यायचं नसतं, हे मला कुठल्या धड्याने शिकवलं नाही. मोठ्या डॉक्टरांचा मुलगा नाक ओढताना बघितला आणि भीती गेली ती गेलीच. परवाना देणारे साहेब पुढे हसून म्हणाले, "बाई, तुम्ही गाडी शिकवणार?" मी म्हटलं, "बसा ना साहेब, तुमच्यापासूनच सुरुवात करू." बदलीलाही शाळा लागू पडली. त्याच्या दवाखान्यात ज्याचा नंबर त्यालाच आत घेतात. सुजलेला गाल धरून आलेल्या नगराध्यक्षांना त्याने हमालामागे बसवलं होतं.

रेघ मात्र त्याने लबाडीने मारली. त्याची बाजू दोन बोटं मोठी आहे. तो म्हणतो, मधोमध आहे. यावरून आम्ही जन्मभर भांडतो आहोत. वर त्याला हा बाक दवाखान्यात न्यायचाय. वकील सांगतो, साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये. म्हणून बदलीला मी मुद्दाम साक्षीदार नेमते आहे. बस म्हणावं आता बोंबलत.

बाक नातीला. कारण सांगते. कचरागाडीवर काम करणारा एकजण ड्रायव्हर व्हायचं म्हणून आमच्याकडे शिकतो. परवा तो बाकावर बसला होता, शेजारी जागा रिकामी होती, आणि माझी नात भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी तोच उठला. मला ते फार लागलं. पोर वाईट नाही. ती जाते त्या टेकडीवरच्या शाळेत पाखडून, निवडून एकसारखी मुलं घेतात. वेगळं माणूस शेजारी आलं तर काय करायचं, हे तिला ठाऊकच नाही. नववीपासून तिला हायस्कूलात घाला, असं मी म्हणते. मुलगा म्हणतो, "आई, तिथे शेजारी कोण येऊन बसेल काही सांगता येतं का?" अरे गाढवा, मी तरी दुसरं काय म्हणतेय?

ही अटच घालणार होते. वकील म्हणाला, वरून जबरदस्ती करता येत नाही. ठीक आहे. मग खालूनच करते. सह्यांच्या वेळी मुलाला आणि नातीला समोर बसवून हे सगळं मोठ्याने वाचणार आहे.

इथपर्यंत टाइप केलेलं. पुढचं माझ्या हातचं.

स्कूलच्या बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचून झालं. बदलीने पेन खाली ठेवलं. "रेघ मधोमध आहे असं लिही, मग सही करतो."

"मेले तरी लिहिणार नाही."

"मेल्यावरच लागू होणार आहे ते," वकील म्हणाला.

नात कंटाळून उठली आणि माझ्या खणातली टेप घेऊन आली. बाकावर कचरागाडीवाला बसला होता. "काका, हे टोक धरता का?" म्हणत ती त्याच्या शेजारी टेकली. दोनदा मोजलं. मग विचारलं, "आजी, तू कुठल्या बाजूला बसायचीस?"

"खिडकीकडच्या."

"मग तुझीच बाजू मोठी आहे."

खात्रीच्या गोष्टी कुणी मोजून बघतं का? मी कडेला लोंबकळत बसायचे हे खरं आहे. पण मध्ये माझं फुगलेलं दप्तर असायचं, तेही खरं.

"मुद्दाम मारली होतीस?" मी बदलीला विचारलं.

"दप्तर मोठं होतं तुझं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर भांडायला आली असतीस?"

मला रडू आलं. शुद्धीत आहे, तरी आलं.

सबब, बदलीचं नाव साक्षीदारांतून खोडलं आहे, म्हणजे त्याला घेता येईल. बाक त्याला आणि नातीला सामाईक. माझी बाजू तिची. कापून वाटणी करू नये, रंधा मारू नये, रेघ बुजवू नये.

नात अजून बाकावरच आहे. ती विचारते आहे, "आजी, हायस्कूलात अजून उंचीप्रमाणेच बसवतात का गं?" मुलाने ब्रेक दाबायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

सही: (माझीच. थोडी भिजली आहे.)

मसुदा: वकील उर्फ मॉनिटर

साक्षीदार पहिला: शेजारचा पंक्चरवाला

साक्षीदार दुसरा: कचरागाडीवरचा कामगार, होऊ घातलेला ड्रायव्हर

तारीख: हायस्कूलचे प्रवेश बंद व्हायच्या आदला दिवस

ठिकाण: बाकाची मोठी बाजू, नातीला जरा सरकवून