मामांची रिकामी खुर्ची

तीर्थरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. (शिर आणि अष्टांग दोन्ही घातलंय, कमी पडायला नको.) मी इथे मजेत. तुमचा गुडघा बरा असावा आणि मामीचा राग त्याहून बरा असावा.

तुम्ही म्हणालात, "नाहीतरी उंडारत असतोस, तर जरा कामाचं उंडार. आमच्या पंख्यांच्या कंपनीचं परगावचं नवं गोदाम बघ आणि खरं काय ते कळव. बदली घेऊ की लवकर निवृत्त होऊ?" सोमवारी तुम्हाला साहेबांना उत्तर द्यायचंय, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तडक निघालो. (मध्ये फक्त एका ठिकाणी उतरलो. तिथे एकजण जुनी होडी विकत होता. मला होडी नको होती, त्यालाही विकायची नव्हती, त्यामुळे गप्पा लांबल्या.)

इथे मी ज्यांच्याकडे खोली घेतली ते काका साबणाच्या कंपनीत गोदामच सांभाळायचे आणि मुदतीआधी निवृत्त झालेत. म्हटलं वा, मामांचा अर्धा प्रश्न इथेच बसलाय, तोही बनियनवर! सकाळी काकूंनी चहा दिला, बिनसाखरेचा. साखर मागितली तर म्हणाल्या, "आता दुपारनंतर. वाटपाची वेळ संपली." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मामा, स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक फळीला नंबर आणि कपाटाची किल्ली काकांच्या गळ्यात! मिठासाठीसुद्धा सही. (मी अंघोळीला तांब्या घेतला, तर काकांनी त्याचीही पावती फाडली. परत करताना चेपलाय का बघितलं.) काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "नोकरीत होते तेव्हा फार गुणी होते हो. दिवसभर घरात नसायचे."

दुसऱ्या दिवशी तुमचं गोदाम बघायला निघालो तर काका रस्ता दाखवायला आले. गोदाम ऐसपैस आहे. तुमची खुर्ची दाराशीच, हातांची, चाकांची, गादीवाली. तुमच्या वतीने बसून बघावी म्हणून बसलो आणि एक गिरकी घेतली. मामा, तिथली फरशी उताराची आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. मी खुर्चीसकट थेट पंख्यांच्या पात्यांच्या खोक्यांत. वरची रास अंगावर. मॅनेजर धावत आले आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "नवे गोदामवाले ते हेच का?"

तोवर काकांनी बाह्या सरसावल्या होत्या. "जड खाली, हलकं वर! कुणी शिकवलं तुम्हाला?" असं हमालांवर खेकसत त्यांनी मला शेवटी आणि खोकी आधी बाहेर काढली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते तुमच्या खुर्चीत होते. मॅनेजरांनी त्यांना चहा पाजला. (साखरेचा.) तेव्हापासून काका रोज डबा घेऊन जातात, फुकट, "याचे मामा येईपर्यंत." घरात काकूंनी चिठ्ठ्या फाडल्यात आणि त्या पोळ्या लाटताना गातात. आवाज चांगला नाही, पण कोण बोलणार?

तेव्हा पूर्ण विचारांती माझा सल्ला असा, की मामा, निवृत्तच व्हा. गोदामात वारं झोंबतं, खुर्ची करकरते, त्यात तुमचा गुडघा. आयुष्यभर राबलात. आता घरी बसा.

तुमचा आज्ञाधारक (जमेल तितका)
भाचा

ता. क. खुर्ची करकरत नाही. वारंही छान आहे. तुम्ही येत नाही तोवर काकू माझ्याकडून भाडं घेणार नाहीत, असं आमचं ठरलंय.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघालो तेवढ्यात मामीचा फोन. काल निवृत्तीचा सराव म्हणून तुम्ही रजा घेऊन घरी राहिलात म्हणे, आणि सगळे डबे खाली काढून उंचीप्रमाणे लावलेत. तिला पोह्यांचा डबा अजून सापडलेला नाही. ती म्हणाली, "हे निवृत्त झाले तर मी बहिणीकडे जाते. मग तू ये आणि तूच यांना सांभाळ."

मामा, वरचं सगळं खोडलं असं समजा. सोमवारी साहेबांना हो म्हणा आणि मिळेल ती गाडी पकडा. खुर्ची मी धरून ठेवलीय, हे तिच्यातच बसून लिहितोय. काका समोर उभे आहेत आणि "ऊठ" म्हणतायत.

ता. क. शेवटचा. येताना आणखी एक खुर्ची आणा. घडीची चालेल. काका घरी परतले, तर मला साखर कोण देणार?